घातक कचरा : जमिनीत जाण्यापूर्वीची चाळण

पनवेलहून मुंब्र्याकडे जाताना तळोजा औद्योगिक वसाहत लागते. रसायने, औषधे, रंग, धातू, मत्स्यप्रक्रिया अशा नाना उद्योगांच्या या वसाहतीत एक आवार असे आहे, जिथे कोणत्याही वस्तूचे उत्पादन होत नाही. मुंबई, ठाणे, रायगड आणि आसपासच्या कारखान्यांतून निघालेला, पण कोणालाच नको असलेला माल तिथे येतो. पिंपांतला डांबरी गाळ, गोण्यांत भरलेली राख, मुदत संपलेली औषधे, रंगाने माखलेल्या चिंध्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांच्या तळाशी बसलेला चिखल बंद ट्रकमधून इथे उतरतो. ‘मुंबई वेस्ट मॅनेजमेंट लिमिटेड’ या कंपनीचा हा सामायिक घातक कचरा प्रक्रिया व विल्हेवाट प्रकल्प २००० नंतरच्या दशकात सुरू झाला. महापे येथील ट्रान्स ठाणे प्रकल्प, पुण्याजवळचे रांजणगाव आणि नागपूरजवळचे बुटीबोरी येथील प्रकल्पांबरोबर राज्याच्या घातक कचऱ्याचा मोठा भार तळोजा वाहत आले आहे.

या आवारात येणारा सगळा माल सरसकट खड्ड्यात टाकला जातो, असा एक सार्वत्रिक समज आहे. कायद्याला मात्र नेमके हेच नको आहे. घातक कचरा जमिनीत पुरणे हा भारतीय नियमांनुसार शेवटचा पर्याय आहे. त्या पर्यायापर्यंत पोहोचण्याआधी प्रत्येक गोणीला काही परीक्षा द्याव्या लागतात आणि त्यांत नापास झालेल्या मालाला खड्ड्याचे दार बंद असते. ही चाळण किती बारीक आहे आणि ती कुठे फाटते, हे समजून घेणे पनवेलकरांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण एकेकाळी गावांपासून आणि शहरापासून दूर मानली गेलेली ही वसाहत आता वाढत्या महानगराच्या पोटात आली आहे.

घातक म्हणजे नेमके काय?

घरातला ओला-सुका कचरा आणि कारखान्यातला घातक कचरा यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ या केंद्रीय नियमांनी त्याची व्याख्या गुणधर्मांवरून केली आहे. जो पदार्थ विषारी, ज्वालाग्राही, स्फोटक, गंजकारक किंवा तीव्र रासायनिक क्रिया करणारा असून त्यामुळे आरोग्याला वा पर्यावरणाला धोका पोहोचतो, तो घातक. नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ३८ औद्योगिक प्रक्रियांची यादी असून त्यांतून निघणारे टाकाऊ पदार्थ आपोआपच घातक ठरतात. यंत्रातून काढलेले वापरलेले तेल, रसायनांची रिकामी पिंपे आणि औद्योगिक सांडपाण्यावरील प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ हे सर्व या यादीत मोडते. दुसऱ्या परिशिष्टात विशिष्ट घटकांच्या मर्यादा दिल्या आहेत. प्रक्रिया यादीत नसली तरी कचऱ्यात शिसे, पारा, आर्सेनिक यांसारखे घटक त्या मर्यादेपलीकडे आढळले, तर तो घातक गणला जातो.

यांतला सांडपाण्याचा गाळ तळोज्याच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वसाहतीतून वाहणारी कासाडी नदी वर्षानुवर्षे प्रदूषणाच्या तक्रारींचा विषय ठरली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री दिसू लागली आणि त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यानंतर संबंधित कारखान्यावर बंदीची कारवाई केली. २०१८ मध्ये कासाडीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. नदी स्वच्छ करायची, तर सांडपाणी अधिक काटेकोरपणे शुद्ध करावे लागते आणि ते जितके अधिक शुद्ध होईल, तितका अधिक गाळ मागे उरतो. पाण्यातून काढलेले जड धातू नाहीसे होत नाहीत. ते गाळात उतरतात आणि त्या गाळाला पुन्हा कुठेतरी जागा शोधावी लागते. प्रदूषणाचा फक्त पत्ता बदलतो. हा पत्ता शेवटी जमिनीचा असेल, तर तिथे काय जाऊ द्यायचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

बंधने कशामुळे आली?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभर एकच पद्धत रूढ होती : खड्डा खणा, टाका, माती लोटा. तिचे परिणाम ठळकपणे दिसले ते अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या ‘लव्ह कॅनाल’ या अर्धवट सोडलेल्या कालव्यात. १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने तिथे सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ मध्ये ती जागा नाममात्र एक डॉलर किमतीला स्थानिक शिक्षण मंडळाला दिली. तिथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. बांधकामांमुळे वरचा मातीचा थर फुटला, पावसाचे पाणी आत शिरले आणि पुढच्या काळात तळघरांतून, अंगणांतून रसायने वर येऊ लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

या घटनेने कायद्याचा रोख बदलला. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने घातक कचऱ्याच्या कायद्यात दुरुस्ती करून प्रक्रिया न केलेला घातक कचरा जमिनीत टाकण्यास बंदी घातली. कचऱ्याचे गट पाडून प्रत्येक गटासाठी मुदत ठरवली गेली. त्या मुदतीत पर्यावरण खात्याने प्रक्रियेचे निकष ठरवले नाहीत, तर त्या गटाचा कचरा पुरण्यावर आपोआप बंदी येणार होती. द्रावके आणि डायॉक्सिनयुक्त कचऱ्यापासून १९८६ मध्ये सुरुवात झाली आणि १९९० पर्यंत यादीतील उर्वरित गट या कक्षेत आले. आणखी एक कलम फार मार्मिक होते. विषाचे प्रमाण कमी दिसावे म्हणून कचऱ्यात पाणी, माती वा दुसरा निरुपद्रवी माल मिसळणे निषिद्ध ठरले. विष पातळ केल्याने त्याची एकूण मात्रा घटत नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

भारताला हा धडा घेण्यासाठी नायगाऱ्यापर्यंत जावे लागले नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही कारखान्यांनी ‘एच ॲसिड’ या रंगनिर्मितीत लागणाऱ्या रसायनाचे उत्पादन केले. त्यातून सुमारे २,४०० टन गाळ निघाला. तो आवारात आणि आसपास उघड्यावर टाकला गेला. पावसाने तो जमिनीत मुरवला आणि परिसरातील विहिरींचे पाणी तपकिरी होऊन पिण्यासाठीच काय, शेतीसाठीही निकामी झाले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल देताना ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व ठामपणे लागू केले. तरीही कंपन्या भरपाई टाळत राहिल्या. २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. उत्पादन थोडाच काळ चालले आणि त्याचा हिशेब दोन दशके पुरला.

न्हावा-शेवाचे पिंप आणि न्यायालयाचा आदेश

भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली केंद्राने १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम केले. पुढची काही वर्षे ते बहुतांशी कागदावर राहिले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका जनहित याचिकेने त्यांना जाग आणली. न्यायालयाने प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. तिच्या अहवालावर १४ ऑक्टोबर २००३ रोजी दिलेला आदेश हा या क्षेत्रातील मैलाचा दगड मानला जातो. प्राधिकारपत्राशिवाय चालणाऱ्या कारखान्यांवर कारवाई, बेकायदा टाकलेल्या कचऱ्याच्या जागांची मोजदाद आणि कारखान्याच्या दारावर घातक रसायने व कचऱ्याची माहिती देणारा फलक, अशी कलमे त्यात होती.

या खटल्याचा एक धागा पनवेलच्या अगदी शेजारी, उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात गुंतला होता. तेलाच्या नावाखाली परदेशातून आलेल्या कंटेनरांत प्रत्यक्षात घातक टाकाऊ तेल असल्याचे तपासणीत उघड झाले. ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे १३३ कंटेनर भस्मीकरणाद्वारे नष्ट करण्याचा आणि त्याचा खर्च आयातदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. घातक कचरा कुठेतरी ‘ठेवून देता’ येत नाही, त्याची पद्धतशीर विल्हेवाट लावावी लागते आणि तिचे मोल कोणाला तरी द्यावेच लागते, हे त्या आदेशाने अधोरेखित केले.

त्यानंतर २००८ आणि २०१६ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले. २०१६ च्या नियमांचा कणा म्हणजे उतरंड. प्रथम कचरा होऊच न देणे, मग तो कमी करणे, त्यानंतर पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि ऊर्जा वा कच्चा माल म्हणून उपयोग, आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तर सुरक्षित विल्हेवाट. ही उतरंड का महत्त्वाची, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या राष्ट्रीय सूचीवरून लक्षात येते. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ६२ लाख टन घातक कचरा निर्माण होत होता. त्यातला साधारण निम्मा पुनर्चक्रण करण्याजोगा होता, सुमारे ७ टक्के जाळण्याजोगा आणि सुमारे ४४ टक्के जमिनीत जाणारा होता. राज्यांत गुजरात पहिल्या आणि महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर असून देशातील निम्म्याहून अधिक घातक कचरा या दोन राज्यांत तयार होत होता.

खड्ड्याच्या दारातली परीक्षा

एखाद्या कारखान्याचा कचरा सुरक्षित भूभरणात थेट घ्यायचा की नाही, हे केंद्रीय मंडळाच्या निकषांवरून ठरते. प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो. पहिली अट सोपी आहे : माल घन हवा. ज्यातून द्रव गळतो, तो खड्ड्यात जाऊ शकत नाही. आम्ल-अल्कता, म्हणजे पीएच, ४ ते १२ च्या दरम्यान हवी. पदार्थाचे ज्वलनमूल्य किलोमागे २,५०० किलोकॅलरीपेक्षा कमी हवे. त्याहून जास्त असेल, तर तो जाळण्याजोगा आहे आणि त्याची जागा भट्टीत आहे.

सर्वांत कसोटीची परीक्षा झिरपण्याची. कचऱ्यात विष किती आहे, यापेक्षा पाण्याबरोबर त्यातले किती बाहेर पडेल, हा इथे खरा प्रश्न असतो. त्यासाठी नमुना द्रवात ठराविक काळ घुसळतात आणि गाळून निघालेल्या पाण्याची तपासणी करतात. त्या पाण्यात लिटरमागे आर्सेनिक १ मिलिग्रॅमहून, शिसे २ मिलिग्रॅमहून, कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमहून, षट्संयुजी क्रोमियम ०.५ मिलिग्रॅमहून, पारा ०.१ मिलिग्रॅमहून आणि सायनाइड २ मिलिग्रॅमहून कमी असले पाहिजे.

या परीक्षेत न टिकणाऱ्या मालावर आधी प्रक्रिया करावी लागते. मुलामा देण्याच्या कारखान्यातील गाळातले षट्संयुजी क्रोमियम फेरस सल्फेटसारख्या रसायनाने तुलनेने कमी विषारी रूपात आणले जाते. सायनाइडचे हायपोक्लोराइटने विघटन केले जाते. जड धातूंच्या गाळात चुना, सिमेंट वा राख मिसळून तो घट्ट केला जातो. याला स्थिरीकरण म्हणतात. शिसे त्यानंतरही शिसेच राहते, पण सिमेंटच्या पकडीत अडकल्याने पाण्याबरोबर सहज निसटत नाही. स्थिरीकरण झालेल्या मालाचीही पुन्हा झिरपण-चाचणी घेतात आणि मगच त्याला खड्ड्यात जागा मिळते. इथेच अमेरिकी कायद्यातील भेसळबंदीचे तत्त्व आठवते. विष बांधून ठेवणे आणि विषात माती मिसळून आकडा खाली आणणे, या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतला फरक प्रयोगशाळेच्या प्रामाणिकपणावर उभा असतो.

जाळण्याजोगा सेंद्रिय कचरा भस्मीकरण भट्टीत जातो. तिच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १,१०० अंश सेल्सिअस तापमान आणि वायूंना किमान दोन सेकंदांचा मुक्काम अपेक्षित असतो, अन्यथा अर्धवट जळणातून डायॉक्सिनसारखी विषे तयार होण्याचा धोका असतो. काही कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत पर्यायी इंधन म्हणून पाठवता येतो. पण जाळणे म्हणजे संपवणे नव्हे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला. जाळताना चुना मिसळावा लागल्याने मागे उरलेली राख आणि अवशेष ८०० टनांहून अधिक भरले. विषाची तीव्रता घटली, पण पुरायच्या मालाचे वजन दुपटीहून वाढले.

खड्डा कसा बांधतात?

सुरक्षित भूभरण हा शब्द ऐकून साधा खड्डा डोळ्यांपुढे येतो, पण प्रत्यक्षात ते एक बांधकाम असते. जास्त पावसाच्या आणि भूजल वर असलेल्या भागांसाठी केंद्रीय मंडळाचे २००१ चे निकष दुहेरी अस्तराची शिफारस करतात. तळाशी दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीची उच्च घनतेच्या पॉलिथिनची चादर, त्यावर खडी-वाळूचा निचऱ्याचा थर आणि नळ्या. मग हीच रचना पुन्हा एकदा. वरच्या अस्तरातून काही निसटलेच, तर ते खालच्या निचरा थरात सापडावे आणि गळतीची वर्दी मिळावी, अशी ही योजना आहे. जमा झालेले झिरपणीचे पाणी उपसून त्यावर प्रक्रिया करायची असते. खड्डा भरला की वरूनही माती आणि प्लास्टिकच्या थरांनी तो झाकायचा असतो, म्हणजे पाऊस आत शिरणार नाही.

पनवेल परिसरात या सगळ्याची परीक्षा दर पावसाळ्यात होते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. उघड्या राहिलेल्या भागावर पडणारा प्रत्येक थेंब कचऱ्यातून खाली उतरतो आणि प्रक्रिया कराव्या लागणाऱ्या पाण्यात भर घालतो. म्हणून पावसाळ्यात खड्डा झाकून ठेवणे आणि येणारा माल छपराखाली साठवणे ही इथे कामाची प्राथमिक गरज ठरते. कोकणचा कातळ वरून अभेद्य वाटला, तरी बेसॉल्टमधल्या भेगा पाण्याला वाट देतात. ते पाणी कुठल्या विहिरीत निघेल, हे वरून सांगता येत नाही. प्रकल्पाभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे नमुने नियमितपणे तपासण्याची अट त्यासाठीच आहे.

चाळण फाटते ती दाराबाहेर

आजवरच्या सर्व अटी कचरा प्रकल्पाच्या दारात आल्यावर लागू होतात. तो दारात पोहोचावा, यासाठी वेगळी यंत्रणा आहे. कारखान्याने घातक कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ आवारात ठेवू नये, असा नियम आहे. पाठवणी करताना सात प्रतींचे मॅनिफेस्ट भरायचे असते. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी अशा रंगांच्या या प्रती पाठवणारा, वाहतूकदार, स्वीकारणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यात वाटल्या जातात. निघालेला माल आणि पोहोचलेला माल यांचा ताळा लागावा, हा हेतू. शिवाय प्रत्येक कारखान्याने वर्षाचा हिशेब ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचा असतो.

या साखळीतली कमकुवत कडी म्हणजे मुळात नोंदच न झालेला कचरा. जितके निकष कडक, तितका विल्हेवाटीचा खर्च अधिक, आणि तितकाच तो चुकवण्याचा मोह मोठा. रात्री एखादा टँकर नाल्याकाठी उभा राहतो, व्हॉल्व्ह उघडला जातो आणि काही मिनिटांत खर्च ‘वाचतो’. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरमध्ये वालधुनी नाल्यात टँकरमधून रासायनिक कचरा सोडला गेला. त्यातून निघालेल्या वायूने शेकडो रहिवाशांचा श्वास कोंडला आणि त्यांना रुग्णालयांत धाव घ्यावी लागली. त्या कचऱ्याने खड्ड्याच्या दारातली कोणतीही परीक्षा दिलीच नव्हती. जमिनीत काय पुरायचे यावरची बंधने कितीही काटेकोर असली, तरी कारखान्याच्या फाटकावरचा हिशेब खरा नसेल तर ती निष्प्रभ ठरतात. उत्पादनासाठी किती कच्चा माल आला आणि त्या प्रक्रियेतून किती कचरा निघायला हवा, याचा ताळा घालून पाहणे मंडळाला शक्य आहे. नोंदलेला कचरा त्याहून फारच कमी असेल, तर उरलेला कुठे गेला, हे विचारता येते.

शिक्षेचे स्वरूपही बदलले आहे. पर्यावरण कायद्याच्या उल्लंघनासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आणली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या फौजदारी खटल्यांपेक्षा झटपट दंड परिणामकारक ठरेल, असे तिचे समर्थन केले जाते. मात्र दंडाची रक्कम वाचलेल्या खर्चापेक्षा कमी भरली, तर तो कारखान्याच्या जमाखर्चातला आणखी एक खर्च बनून राहील. २०१६ च्या नियमांत झालेल्या नुकसानीची भरपाई स्वतंत्रपणे वसूल करण्याची तरतूद आहे. तिचा वापर किती होतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

शहर खड्ड्याजवळ येते तेव्हा

भूभरणाची जागा निवडताना वस्तीपासून ५०० मीटर अंतर, पूरक्षेत्र आणि पाणथळ जागा वर्ज्य, तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दोन मीटर वर, असे निकष लावले जातात. खड्डा वस्तीजवळ जाऊ नये, याची काळजी हे निकष घेतात. वस्ती खड्ड्याजवळ येऊ लागली, तर काय करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. ते नगररचनेच्या नकाशात द्यावे लागते.

आणि पनवेलमध्ये नेमके हेच घडते आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहतींबरोबर तळोजा परिसरातील गावेही तिच्या हद्दीत आली. तळोजा पाचनंदमध्ये सिडकोच्या आणि खासगी विकासकांच्या इमारती उभ्या राहिल्या. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या घोट, तोंडरे, नावडे, वलप या गावांतल्या जुन्या रहिवाशांना जो उग्र दर्प वर्षानुवर्षे परिचित होता, त्याच्या तक्रारी आता उंच इमारतींतूनही होऊ लागल्या आहेत.

घर घेणाऱ्याचा कर्जाचा काळ वीस वर्षांचा असतो. भरून बंद केलेल्या भूभरणाची देखभाल आणि भूजलाची तपासणी ३० वर्षे करावी, असे केंद्रीय मंडळाचे निकष सांगतात. आत असलेल्या शिशाला किंवा कॅडमियमला तर कोणतीच मुदत नाही. कंपन्यांची नावे बदलतात, मालकी बदलते. जमिनीचा तुकडा मात्र तिथेच राहतो. लव्ह कॅनालमध्ये चूक पुरण्यात झाली, तशीच ती पुरल्यानंतर त्या जागेची आठवण न ठेवण्यातही झाली. बंद भूभरणाची नोंद जमिनीच्या कागदपत्रांत आणि विकास आराखड्यात ठळकपणे राहणे, देखभालीचा निधी कंपनीच्या नफा-तोट्यापासून वेगळा सुरक्षित असणे आणि भोवतालचा पट्टा मोकळा राखणे, ही कामे आजच्या पिढीनेच करायची आहेत.

नियमांपूर्वीच्या आणि नियमांना चकवून टाकलेल्या कचऱ्याचा प्रश्न त्याहून जुना. त्यासाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य मंडळाने ठराविक मुदतीत तपासणी करायची, प्रदूषण करणारा शोधून त्याच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च घ्यायचा आणि तो सापडला नाही किंवा असमर्थ असेल तर सरकारने तो उचलायचा, अशी त्यांची रचना आहे. देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते, हे तेव्हाचे चित्र. पुरायला काही तास लागतात, उकरून स्वच्छ करायला दशके, हा बिछडीचा अनुभव त्यातून पुन्हा समोर येतो.

नागरिकाला या सगळ्यात काय करता येईल? फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. भूभरणाभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे ताजे अहवाल, खड्ड्याची उरलेली क्षमता, वर्षभरात आलेला माल आणि त्यातला थेट पुरलेला, स्थिर केलेला व जाळलेला वाटा, ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. महापालिकेच्या सभेत विकास आराखड्यावर बोलताना भूभरणाभोवतीच्या पट्ट्याचे काय, हे विचारता येते. आणि सर्वांत सोपे म्हणजे तळोज्यातल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर क्षणभर थांबून तिथला फलक वाचता येतो. २००३ च्या त्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला आपला घातक कचरा किती, हे तिथे लिहायला लावले आहे. फलकावरचा आकडा ताजा आहे की उन्हापावसात पुसट झालेला, एवढे पाहिले, तरी चाळणीची अवस्था बरीचशी कळते.